नवीन जॉइन होणाऱ्या सिस्टर, ब्रदर, टेक्निशियन, मावशी, मामा सगळ्यांसाठी: कुठल्या लसी, कधी, कुठे आणि कागद कसे सांभाळायचे

पावसाळ्यात नर्सिंगच्या जीएनएम-बीएस्सीच्या ॲडमिशन होतात, मधेच कधीतरी एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियान) कंत्राटी ऑर्डरी निघतात, आणि मग दरवर्षी तेच मेसेज सुरू होतात. ताई लस कुठली घ्यावी लागते, ताई माझ्या लहानपणीच सगळ्या झाल्यात ना मग परत कशाला, ताई हॉस्पिटलवाले म्हणतात स्वतःच्या पैशाने घेऊन ये. प्रत्येकीला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. हे मुख्यतः रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडात काम करणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे सिव्हिल असो, कामथे-कळंबणीसारखं उपजिल्हा रुग्णालय असो, ग्रामीण रुग्णालय, पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र) किंवा बाजारपेठेतलं दहा बेडचं प्रायव्हेट हॉस्पिटल असो. लसी बदलत नाहीत, फक्त मागायचा माणूस बदलतो.

बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण हिपॅटायटिस बी चा पहिला डोस याच आठवड्यात घ्या. कारण बाकीच्या बहुतेक लसी महिना-दीड महिन्यात उरकतात, हिला मात्र पूर्ण व्हायला सहा महिने लागतात आणि तुमची वॉर्डातली पोस्टिंग काही सहा महिने थांबत नाही.

यात कोण कोण येतं

फक्त नर्स नाही. लॅबवाले, एक्स-रेवाले, ओटी असिस्टंट, डेंटलवाले, १०८ वर जाणारे, ड्रेसर, सफाईवाल्या मावशी, लाल-पिवळ्या पिशव्या उचलणारे मामा, धुलाईवाले, आणि हो, ट्रेनिंगला आलेले विद्यार्थी पण. खरं सांगायचं तर सुई टोचायचा धोका मावशींना आपल्यापेक्षा कमी नसतो, आपण सुई कुठे टाकली ते आपल्याला माहीत असतं, त्यांना माहीत नसतं, बेडखालून केर काढताना किंवा पिशवी दाबून बांधताना टोचते.

आणि हे कुणाच्या मेहरबानीवर नाही. बायोमेडिकल वेस्टचे २०१६ चे नियम आहेत ना, जे आपण फक्त पिवळी-लाल-पांढरी-निळी एवढ्यापुरते पाठ करतो, त्याच नियमात लिहिलंय की हॉस्पिटल चालवणाऱ्याने आपल्या सगळ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि कचरा हाताळणाऱ्या इतरांनाही लस द्यायची, त्यात हिपॅटायटिस बी आणि टिटॅनस ही दोन नावं स्पष्ट आहेत. कामावर घेताना आणि मग वर्षातून निदान एकदा मेडिकल तपासणी पण करायची. कायमचा, कंत्राटी, एजन्सीचा असा भेद तिथे केलेला नाही. विद्यार्थ्यांसाठी इंडियन नर्सिंग काउन्सिलचे नियम आहेत, त्यात पण वर्षाला एकदा तपासणी आणि टिटॅनस, हिपॅटायटिस बी ची लस धरलेली आहे.

आधी घरातले कागद शोधा

लस घ्यायला पळायच्या आधी एक संध्याकाळ यात घाला. लहानपणीचं लसीकरण कार्ड, शाळेतल्या मोहिमेचं कार्ड, कोविडचं सर्टिफिकेट, आधी कुठे काम केलं असेल तर तिथला रेकॉर्ड. आईला विचारून घ्या कांजिण्या झाल्या होत्या का, गोवर झाला होता का, पण आईच्या उत्तरावर पूर्ण विसंबू नका, घरात चार पोरं असतील तर कुणाला काय झालं ते मिसळलेलं असतं.

कार्ड नसेल तर? बऱ्याच जणांकडे नसतं. चिपळूण, खेड, महाडकडच्या कितीतरी घरातले कागद जुलै २०२१ च्या पुरात गेले. अशा वेळी गावच्या उपकेंद्रात किंवा पीएचसीत जुनं रजिस्टर मिळतं का बघा, मिळालं तर वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून सही-शिक्क्यासकट लिहून घ्या. नाही मिळालं तर सरळ "लस झालेली नाही" असं धरून चालायचं. या लसींचा जास्तीचा एखादा डोस झाला म्हणून निरोगी माणसाचं सहसा काही बिघडत नाही, न झालेला डोस झाला म्हणून धरला तर मात्र बिघडू शकतं.

हिपॅटायटिस बी, म्हणजे आपण जिला काविळीची लस म्हणतो ती

आधी एक गोंधळ काढून टाकते. पावसाळ्यात विहिरीच्या पाण्याने होते ती कावीळ ए किंवा ई, ती वेगळी. ही रक्तातून येते. हा व्हायरस अंगाबाहेर, म्हणजे ट्रॉलीवर सुकलेल्या रक्ताच्या डागात सुद्धा निदान सात दिवस टिकतो. लस न घेतलेल्या माणसाला बाधित पेशंटची सुई टोचली तर हिपॅटायटिस बी व्हायची शक्यता ६ ते ३० टक्के, तेच हिपॅटायटिस सी ची साधारण २ टक्क्यांच्या आत आणि एचआयव्हीची ०.३ टक्के. सगळे घाबरतात एचआयव्हीला, आणि ज्याची शक्यता कितीतरी पट जास्त आहे आणि ज्याला लसही आहे तिकडे दुर्लक्ष.

"लहानपणी झालीय" वाल्यांसाठी: हिपॅटायटिस बी सरकारी लसीकरणात देशभर सगळीकडे पोचायला २०११ साल उजाडलं. त्यामुळे आता जे विशी-पंचविशीत आहेत त्यातल्या बऱ्याच जणांना ती लहानपणी मिळालेलीच नसते. कार्डावर तीन डोस लिहिलेले दिसले तरच झाली म्हणायचं.

आता क्रम. सुरुवातीला रक्ताची एचबीएसएजी टेस्ट (आजार आधीच अंगात आहे का ते सांगणारी) करून घ्या. निगेटिव्ह आली की लगेच पहिला डोस, एक महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. मोठ्या माणसाचा डोस १ एमएल, दंडातच, डेल्टॉइडमध्ये. कमरेत घेऊ नका. लाजेमुळे किंवा ब्लाऊज-कुर्त्याची बाही वर जात नाही म्हणून काहीजणी कमरेत घ्यायला बघतात, पण तिथे चरबीत लस राहते आणि अँटीबॉडी नीट तयार होत नाहीत. त्या दिवशी सैल बाहीचं काहीतरी घाला एवढंच.

तारीख चुकली तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नसते हे नीट लक्षात ठेवा, कारण यात लोक उगाच वर्ष घालवतात. राहिलेला डोस जमेल तितक्या लवकर घ्यायचा आणि पुढे जायचं. फक्त घाई उलट बाजूने करायची नाही, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्यात निदान आठ आठवडे आणि पहिल्या आणि तिसऱ्यात निदान सोळा आठवडे पाहिजेत. मोबाईलमध्ये रिमाइंडर लावताना सहा महिन्यांनी नेमकी कुठली तारीख येते तेही बघा. मार्चमध्ये सुरू केलंत तर तिसरा डोस सप्टेंबरात, म्हणजे गणपतीच्या आसपास, तेव्हा तुम्ही सुट्टीवर, लस देणाऱ्या सिस्टर सुट्टीवर, आणि जे ड्युटीवर असतात त्यांच्यासमोर चाकरमान्यांची ही भलीमोठी ओपीडी. आधीच बोलून दोन-तीन दिवस पुढची तारीख ठरवा.

एचबीएसएजी पॉझिटिव्ह आली तर हातपाय गाळू नका आणि कुणाच्या सांगण्यावरून झाडपाल्याच्या औषधाला तर अजिबात जाऊ नका. फिजिशियनकडे जा. राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम जुलै २०१८ पासून चालू आहे, त्यात तपासण्या आणि गोळ्या फुकट मिळतात, प्रत्येकाला गोळ्या लागतातच असंही नाही. रिपोर्ट फक्त तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा. वॉर्डात चर्चा करणाऱ्याला सुनावायला माझी हरकत नाही.

टायटर, जे कुणी करत नाही

तिसरा डोस झाला की सगळे सुटलो म्हणतात. पण शंभरातल्या काही जणांमध्ये तीन डोस होऊनही संरक्षण तयार होत नाही. तरुण निरोगी माणसांत नव्वदीच्या वर टक्के लोकांना होतं, वय चाळिशीच्या पुढे, वजन जास्त, तंबाखू-सिगरेट असेल तर प्रमाण घसरतं. आपण कुठल्या बाजूचे हे टेस्टशिवाय कळत नाही.

टेस्टचं नाव अँटी-एचबीएस टायटर, म्हणजे लसीने रक्तात किती अँटीबॉडी तयार झाल्यात ते मोजणारी. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांत करायची. लॅबमध्ये नाव नीट सांगा, चिठ्ठीवर लिहून न्या, कारण "हिपॅटायटिस बी ची टेस्ट" एवढंच म्हटलं की ते एचबीएसएजी करून देतात आणि तुम्ही निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन खूश होता. एचबीएसएजी निगेटिव्ह म्हणजे आजार नाही. संरक्षण आहे असा त्याचा अर्थ नाही. टायटरमध्ये आकडा येतो, १० किंवा त्याहून जास्त आला की झालं, तो रिपोर्ट लॅमिनेट करून ठेवला तरी चालेल. पुढे काही वर्षांनी आकडा खाली गेला तरी घाबरायचं नाही, एकदा १० च्या वर आलेल्या निरोगी माणसाच्या शरीराला ते लक्षात राहिलेलं असतं, बूस्टर लागत नाही.

१० च्या खाली आला तर परत तीन डोस आणि परत टायटर. लहानपणी तीन डोस झाल्याचा पुरावा आहे पण आता टायटर कमी आलंय अशांनी आधी एकच डोस घ्यायचा, महिन्या-दोन महिन्यांनी टेस्ट करायची, वर आलं तर तिथेच थांबायचं, नाही आलं तर उरलेले दोन घ्यायचे आणि मग परत टेस्ट. सहा डोस होऊनही आलं नाही तर तुम्ही नॉन-रिस्पॉन्डर. नोकरी जात नाही त्याने. फक्त फाइलमध्ये ते ठळक लिहिलेलं पाहिजे, कारण तुम्हाला सुई टोचली तर नुसत्या लसीने भागणार नाही, एचबीआयजी नावाचं तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन लागेल.

टीडी

पूर्वी टीटी म्हणायचो, आता सरकारी दवाखान्यात टीडी मिळते, टिटॅनस आणि घटसर्प दोन्हीसाठी. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी शाळेत दिली जाते, मग दर दहा वर्षांनी एक. सोळाव्या वर्षी झाली असेल आणि आता वीस वर्षांच्या असाल तर सध्या काही करायचं नाही. काहीच माहीत नसेल तर एक आता, एक महिन्याने, एक सहा ते बारा महिन्यांनी. पीएचसीत फुकट आहे. बाळंतपणाच्या किंवा लहान मुलांच्या वॉर्डात असाल आणि परवडत असेल तर एकदा टीडीऐवजी टीडॅप घ्या, त्यात डांग्या खोकला पण येतो, मात्र ती प्रायव्हेटमध्येच.

गोवर, रुबेला, कांजिण्या

नोव्हेंबर २०१८ मध्ये आपल्याकडे शाळाशाळांत एमआरची (गोवर-रुबेला) मोठी मोहीम झाली होती, नऊ महिने ते पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना. तेव्हा शाळेत असाल तर एक डोस बहुतेक झालाय, बोटाला शाई पण लावली होती, आठवत असेल. लागतात दोन डोस, मध्ये निदान २८ दिवस. मुंबईत २०२२ च्या शेवटी गोवंडीकडे गोवर पसरला होता आणि मुंबई-कोकण ये-जा किती आहे ते सांगायला नको. गोवरचा पेशंट वॉर्डातून गेल्यावरही तासा-दोन तासापर्यंत त्या हवेतून लागण होऊ शकते. म्हणून दोन डोसचा पुरावा नसेल तर एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन घेऊन टाका.

कांजिण्या नक्की झाल्या असतील, म्हणजे डॉक्टरांनी बघून सांगितलं होतं अशा, तर लस नको. शंका असेल तर व्हॅरिसेला आयजीजी टेस्ट (कांजिण्यांच्या अँटीबॉडी आहेत का ते बघणारी), निगेटिव्ह आली तर चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. ही लस सरकारी कार्यक्रमात नाही आणि खिशाला लागते, त्यामुळे आधी टेस्ट करणं कधी कधी स्वस्त पडतं. कोकणातली बरीच मोठी माणसं गावात राहून कांजिण्या न होता मोठी झालेली असतात आणि मग तिशीत वॉर्डात लागण होऊन चांगलीच आडवी होतात, मोठेपणी हा आजार जड जातो.

एमएमआर आणि कांजिण्यांची, या दोन्ही जिवंत लसी आहेत. गरोदर असाल तर घ्यायच्या नाहीत, घेतल्यावर निदान महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत. नवीन लग्न झालेल्या पोरींनी हे सासूबाईंना विचारून नाही तर कॅलेंडर बघून ठरवावं. स्टेरॉइड चालू असतील किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दोन्ही एकाच दिवशी वेगवेगळ्या दंडात चालतात, एका दिवशी नाही घेतल्या तर मग मध्ये २८ दिवस सोडायचे. हिपॅटायटिस बी, टीडी आणि फ्लूची लस मात्र गरोदरपणात चालते.

फ्लू

ही दरवर्षी. आपल्याकडे फ्लू थंडीपेक्षा पावसात जास्त वाढतो, जून ते सप्टेंबर. पाऊस साधारण ७-१० जूनला येतो आणि लस काम करायला दोनेक आठवडे घेते, म्हणून मे महिन्यात घ्यायची, आंबे संपायच्या आत. बाटलीवर किंवा बॉक्सवर कुठल्या सीझनची आहे आणि एक्सपायरी काय ते बघा, मेडिकलवाल्याकडे गेल्या वर्षीचा उरलेला माल असू शकतो. फ्लूची लस घेतली आणि फ्लू झाला असं सांगणारे भेटतील, इंजेक्शनने फ्लू होत नाही, त्यात जिवंत व्हायरस नसतो, दंड दुखणं आणि एखाद दिवस कणकण एवढंच. आयसीयू, मेडिसिन वॉर्ड, लहान मुलं, बाळंतीण इथे काम करणाऱ्यांनी तरी टाळू नये.

बाकीच्या, पटकन

कोविड: आपल्या लोकांना १६ जानेवारी २०२१ पासून मिळाली, प्रिकॉशन डोस १० जानेवारी २०२२ पासून. सर्टिफिकेट डाउनलोड करून ठेवा, ज्या नंबरवर रजिस्टर केलं होतं ते सिम बंद पडायच्या आत. टायफॉइड: हॉस्पिटलच्या किचनमध्ये आणि मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये असाल तर घ्या. टीबी: बीसीजी लहानपणी झालेली असते, मोठेपणी नोकरीसाठी परत घ्यायची पद्धत आपल्याकडे नाही, इथे तुमचं संरक्षण म्हणजे एन-९५ नीट चेहऱ्याला चिकटवून घालणं, उघड्या खिडक्या आणि जॉइन होतानाचा एक एक्स-रे.

तीन चकरांत कसं बसवायचं

पहिल्या दिवशी एचबीएसएजीसाठी रक्त द्या, रिपोर्ट बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी मिळतो, मग लगेच हिपॅटायटिस बी चा पहिला, टीडी लागत असेल तर ती, आणि एमएमआर-कांजिण्या लागत असतील तर त्याही. दंड दोनच असले तरी इंचभर अंतर ठेवून एका दंडात दोन चालतात. महिन्याने, म्हणजे २८ दिवस पूर्ण झाल्यावर, सगळ्यांचा दुसरा डोस. सहा महिन्यांनी हिपॅटायटिस बी चा तिसरा, टीडीचे तीन लागत असतील तर तिचाही. मग महिना-दीड महिन्याने फक्त टायटर. दापोली-मंडणगडच्या आतल्या गावातून एसटीने येणाऱ्यांना हे असं एकत्र बसवल्याशिवाय परवडत नाही, नाहीतर प्रत्येक लसीला एक रजा.

घ्यायच्या दिवशी उपाशी येऊ नका. श्रावणात सोमवार-शनिवारचे उपास धरून येतात आणि इंजेक्शननंतर चक्कर येऊन बाकावर आडव्या होतात. पथ्य काही नाही. बांगडा, सुरमई, कोलंबी सगळं चालतं, हा प्रश्न मला दरवेळी विचारला जातो म्हणून लिहिलं. फक्त अर्धा तास तिथे बसून राहा.

लस बाहेरून विकत आणायची वेळ आली तर २ ते ८ डिग्रीची सोय बघा. आपल्याकडे पावसात लाइट गेली की गेली, त्यामुळे ज्या मेडिकलला इन्व्हर्टर आहे तिथूनच घ्या आणि घेऊन सरळ हॉस्पिटलमध्ये जा, घरच्या फ्रिजमध्ये माशांच्या डब्याशेजारी ठेवू नका. थर्मासमध्ये बर्फ टाकून नेताना बाटली बर्फाला चिकटू देऊ नका, कागदात गुंडाळा. हिपॅटायटिस बी आणि टीडी गोठली की वाया गेली, बाहेरून कळत पण नाही.

पैसे कोण देणार

वर नियम सांगितलाच. सरकारी ठिकाणी हिपॅटायटिस कार्यक्रमातून आरोग्य कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी ची लस फुकट द्यायची तरतूद आहे, टीडी असतेच. साठा नाही असं उत्तर आलं तर तोंडी घेऊ नका, अर्ज द्या. चार ओळी पुरतात: "मा. वैद्यकीय अधीक्षक, मी अमुक पदावर अमुक तारखेपासून कार्यरत आहे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ नुसार मला हिपॅटायटिस बी व टिटॅनस लस मिळावी ही विनंती." दोन प्रती, एकीवर आवकचा शिक्का घेऊन स्वतःकडे. पाच-सहा जणींनी मिळून दिला तर आणखी बरं, आणि त्यात मावशींची नावं पण घाला, त्या स्वतःहून अर्ज करणार नाहीत.

प्रायव्हेटमध्ये थोडं बोलावं लागतं. मालक डॉक्टर म्हणतील पोरी सहा महिन्यांत सोडून जातात, मी कशाला खर्च करू. त्यांना नियम दाखवा, ते नाहीच ऐकले तर माझं मत असं की लस स्वतःच्या पैशाने घेऊन टाका आणि भांडण नंतर करा, हिपॅटायटिस बी ची लस काही एवढी महाग नाही. बिल मात्र ठेवा.

उलट बाजू पण विचारली जाते, मला नको असेल तर जबरदस्ती करतील का. कोविडच्या लसीबद्दल सुप्रीम कोर्टाने २ मे २०२२ ला सांगितलंय की कुणाला बळजबरीने लस टोचता येत नाही, मात्र इतरांच्या आरोग्यासाठी प्रमाणात राहून बंधनं घालता येतात. मला स्वतःला हा वाद वॉर्डात घालण्यात अर्थ वाटत नाही. नको असेल तर लेखी नकार द्या आणि का ते डॉक्टरांशी एकदा बोला, अर्ध्या वेळी नुसती सुईची भीती असते, हो, सिस्टर असूनसुद्धा.

कागद

प्रत्येक डोसला तारीख, लसीचं नाव, बॅच नंबर, एक्सपायरी, कुठल्या दंडात, देणाऱ्याची सही आणि शिक्का. बाटलीवर स्टिकर असेल तर सोलून कार्डाला चिकटवा. "हिप बी ३ डोस दिले" अशी एका ओळीची चिठ्ठी कुठेच चालत नाही. फोटो काढून स्वतःला मेल करा, मूळ कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटाच्या वरच्या कप्प्यात. आपल्याकडची दमट हवा आणि बुरशी पुराइतकंच नुकसान करते, जरा हळू एवढंच.

एवढं करूनही सुई टोचली तर

दाबून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका, स्पिरिट चोळू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. डोळ्यात उडालं असेल तर साध्या पाण्याने भरपूर. लगेच इन्चार्ज सिस्टरना आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांना सांगा, "जाऊ दे, छोटीशीच होती" हे कुणी म्हटलं तरी ऐकू नका. पेशंटचं आणि तुमचं रक्त जातं. एचआयव्हीचं औषध म्हणजे पीईपी शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवं, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि २८ दिवस घ्यायचं. हिपॅटायटिस बी ची लस झालेली नसेल किंवा टायटर माहीत नसेल तर लस आणि डॉक्टर सांगतील तर एचबीआयजी, ते २४ तासांत मिळावं हा प्रयत्न. आता रात्री दोन वाजता राजापूरच्या पुढच्या पीएचसीत एचबीआयजी कुठून आणणार, रत्नागिरी किंवा ओरोसला गाडी काढावी लागेल. टायटर १० च्या वर असल्याचा कागद हातात असेल तर हिपॅटायटिस बी पुरती ही धावपळ वाचते, पीईपीचं तेवढं बघायचं. म्हणून मी त्या टेस्टच्या इतकी मागे लागते.

जॉइन होताच आपल्या ठिकाणी पीईपीच्या गोळ्या कुठल्या कपाटात आहेत आणि रात्री चावी कुणाकडे असते हे विचारून घ्या. उत्तर मिळायला वेळ लागला तर समजून जा की अजून कुणी विचारलेलं नाही.

आपल्याकडचं आणखी थोडं

दोडामार्ग, बांदा भागात पोस्टिंग असेल तर गोचिडीतून होणाऱ्या माकडतापाबद्दल विचाराल. २०१६ पासून तिथे पेशंट सापडतायत, हिवाळ्यापासून पावसापर्यंत जास्त. जुनी लस फारशी उपयोगी ठरली नाही म्हणून २०२२ मध्ये थांबली. नवी लस येईपर्यंत फिल्डला जाताना अंगभर कपडे, डेपा तेल (गोचीड दूर ठेवणारं), आणि घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून गोचीड चिकटलीय का ते बघायचं. लेप्टोची माणसांसाठी लस आपल्याकडे वापरात नाही, पुराच्या किंवा चिखलाच्या पाण्यात सर्व्हेला जायचं असेल तर डॉक्सीसायक्लिनबद्दल वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा, गमबूट मागून घ्या. कुत्रा चावलेल्यांना रोज इंजेक्शन देता म्हणून तुम्हाला रेबीजची लस लागत नाही, पण रेबीजच्या पेशंटची लाळ जखमेवर किंवा डोळ्यात उडाली तर लगेच लागते.

बाहेर जायचा विचार असेल तर

गल्फसाठी जी मेडिकल होते, गामका म्हणायचो ती, आता वाफिद, त्यात एचबीएसएजी, हिपॅटायटिस सी, एचआयव्ही आणि छातीचा एक्स-रे बघतात आणि पॉझिटिव्ह आलं की अनफिट शिक्का. म्हणजे आज घेतलेली हिपॅटायटिस बी ची लस तिकडेही तुमचं तिकीट वाचवते. जर्मनीला जाणाऱ्या आता बऱ्याच आहेत, तिथे १ मार्च २०२० पासून कायदाच आहे की १९७० नंतर जन्मलेल्या हॉस्पिटलमधल्या माणसाने गोवरापासून संरक्षण असल्याचा पुरावा द्यायचा, दोन डोस किंवा अँटीबॉडी रिपोर्ट. यूकेवाले हिपॅटायटिस बी चा टायटर, एमएमआरचे दोन, कांजिण्यांचा इतिहास आणि टीबीची तपासणी मागतात. टीबीसाठी मॅन्टू (हाताच्या कातडीत टोचून करतात ती टेस्ट) करायची असेल तर ती एमएमआरच्या आधी किंवा त्याच दिवशी लावून घ्या, एमएमआर आधी झाली तर चार आठवडे थांबावं लागतं नाहीतर रिझल्ट चुकीचा निगेटिव्ह येऊ शकतो, आणि एजंटला ही गोष्ट माहीत नसते, तो तुम्हाला दुसऱ्याच दिवशीची अपॉइंटमेंट देऊन मोकळा होतो.